लसणावरची खूण

काल सुनेने सोललेल्या लसणाचं पाकीट आणलं. सानपाड्यात आता असं सगळं तयार मिळतं. पाकीट फोडलं आणि त्या उग्र वासाने माझी बोटं चुरचुरायला लागली. एका पाकळीवर नखाची खूण होती, अगदी बारीक.

तुर्भ्याला आमच्या खोलीत मार्केटमधून मजुरीवर सोलायला लसणाचं पोतं यायचं. भिजवला तर तो खराब होतो, म्हणून कोरडाच सोलायचा. त्याला लहान, पातळ नखं बरी पडतात. मी तेव्हा चौथीत होते. आई रोज एक रुपया खाऊला द्यायची, त्यामुळे शाळा बुडाल्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

एका दुपारी वर्गाच्या बाई घरी आल्या. "पंधरा दिवस झाले, हिला पाठवत का नाही?"

आई ओशाळली. "पाठवते की बाई. उद्यापासनं पाठवते."

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला हुशारी दाखवायची होती. "बाई, बघा, मी आईपेक्षा जलद सोलते!" म्हणत मी अख्खा गड्डा त्यांच्यासमोर भराभर सोलला. आईचा चेहरा फुलला. "कमावती झाली माझी पोर!"

बाई उठल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत आणि आईने मला पुन्हा शाळेत पाठवलं नाही.

"किती सोय झाली ना, आई?" सून म्हणाली.

मी त्या खुणेवर माझं नख टेकवून पाहिलं. ते तिच्यात मावलं नाही.