सफाई फक्त कडेला

शिवणबाईच्या हाती कोणाची पर्स लागली की ती उघडून पाहायची नाही. कुठल्या कंपनीची, केवढ्याची, याच्याशी तिला घेणंदेणं नसे. ती नुसता अंगठा कडेवरून फिरवायची आणि भर लग्नमंडपात जाहीर करायची, "कड कच्ची हाये. वर्षभरात पदर सुटतीन हिचे." पर्सवाली कितीही मानाची असो. एकदा ती खुद्द नवरदेवाची आई निघाली, तीही पुण्याची. आम्ही सगळे ताटाकडे पाहत बसलो.

शिवणबाई म्हणजे माझी आत्या. मलकापूरच्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली, म्हणून गाव तिला शिवणबाई म्हणे. निवृत्तीनंतर ब्लाउज, झबली सगळं बंद करून तिने चामड्याची पाकिटं शिवायला घेतली. विकायला नाही, हौस म्हणून. खामगावच्या एका बॅगवाल्याकडून ती उरलेले तुकडे वजनावर आणायची. हे काय नवीन, असं मी विचारलं तर म्हणाली, "कापडाची कड दुमडून लपवता येते. चामड्याची लपत नाई. तिले घासूनच सरळ करा लागते." लपवाछपवी तिला मुळातच जमत नसे, त्यामुळे तिचं आणि चामड्याचं जुळलं याचं मला नवल वाटलं नाही.

मी हौसेने मोबाईलवर कड घोटायच्या सामानाचा एक संच दाखवला. लाकडी डबी, आत चकचकीत वस्तू. चष्मा वर करून तिने एकेका वस्तूची उलटतपासणी घेतली आणि डबीसकट सगळ्यांना नापास केलं. तिचा नियम सोपा होता: "कापाचं हत्यार इकत घ्या, घासाचं घरात सापडते." कडेचा कोपरा तासायचं छोटं पातं तिने खरंच चांगलं घेतलं, कारण बोथट पात्याने चामडं कापलं जात नाही, फाटतं. बाकी सगळा जुगाड. सुताराकडचा पॉलिशपेपर, पाण्यात भिजवलेला खायचा डिंक, मेणाचा खडा, माझ्या फाटक्या जीन्सचा तुकडा. आणि घोटायला जुन्या बाजारातून आणलेलं शिसवी लाटणं. लाटण्याची मूठ जिथे सुरू होते, तिथल्या बारीक गळ्यात चामड्याची कड बरोबर बसते, हा तिचा स्वतःचा शोध. डिंकाचं पाणी लावून तिथे घासत राहिलं की सुटलेले तंतू दबतात आणि कड गुळगुळीत होऊन चमकायला लागते. मग ती कड ती मला गालाला लावून पाहायला सांगायची.

घोळ त्या लाटण्यानेच केला. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या, तेव्हा आत्या ओसरीत बसून त्याने चामडं घासत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की शिवणबाई ज्या लाटण्याने चामडं घासते, त्याच लाटण्याने पोळ्या लाटते. आपल्या लोकांतली बाई चामड्याला हात लावते, हे गल्लीने नाक मुरडून का होईना, चालवून घेतलं होतं. पोळीपर्यंत आल्यावर मात्र तिच्या घरचं खाणं सुटलं. बायका येत, बसत, गप्पा मारत. ताट पुढे आलं की कोणाला उपास आठवे, कोणाचं पित्त उसळे. याच बायका आत्याच्या पुरणपोळीसाठी आधी निरोपावर निरोप पाठवत. तिला ते फार लागलं. चार माणसांना जेवू घालणं हा तिचा जीव की प्राण होता.

माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातलं लाटणं वेगळं आहे हे मला ठाऊक होतं. दोन्ही लाटणी घेते आणि घरोघर दाखवून येते, असं मी म्हटलं. आत्या कड घासत होती, ती काही थांबली नाही.

"बस खाली. लाटणी दोन हायेत असं तू सांगशीन, त्याह्यले बरं वाटीन. मंग येतीन, जेवतीन. पण त्याचा अर्थ काय झाला? एकच असतं तं घर बाटलं असतं, हे आपणच कबूल केलं नं."

"पण त्या जेवत नाहीत, याचं तुला वाईट वाटतं ना?"

"वाटते. वाटू दे. सफाई कडेले द्याची असते, माणसायले नाई."

थोड्या वेळाने तिला राहवलं नसावं. "आरतीच्या ढोलकीले काय पुठ्ठा लावला हाये?" असं ती स्वतःशीच पुटपुटली.

त्या संक्रांतीला तिने वाण म्हणून किल्ल्यांचे चामडी पट्टे लुटले. वाण नाकारता येत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. बायकांनी ते घेतले आणि जाताना बऱ्याच जणींनी फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवून दिले. सकाळी आत्याने सगळे गोळा केले आणि फाटकाच्या गजांना ओळीने बांधले. आतोबा म्हणाले, "काऊन लोकायले डिवचून राह्यली?" ती म्हणाली, "ज्याचं त्यानं घेऊन जावं." हळूहळू त्यातले काही गेलेही. कोणी नेले ते तिने कधी पाहिलं नाही. जेवायला मात्र कोणी आलं नाही. खरं सांगून सुटता येत असताना न सांगणं, हा मला तेव्हा निव्वळ आडमुठेपणा वाटायचा.

गेल्या वर्षी आत्या गेली. तेरवीला गल्लीतल्या बायका न बोलावता मदतीला आल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. समोरच्या काकू पोळपाटाशी बसल्या होत्या, मी तव्याशी. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्या हळूच म्हणाल्या, "बाई तं गेली. आता तरी सांग माय, लाटणी दोन व्हती नं?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना मनापासून 'हाव' ऐकायचं होतं. माझ्या एका शब्दाने आत्या धुऊन निघाली असती, आणि त्याही सुटल्या असत्या. चामड्याचं लाटणं बाहेर ओसरीत, तिच्या पेटीत पडलेलं होतं.

"नाई काकू," मी म्हटलं. "एकच व्हतं. तुमच्या हातात हाये नं, तेच."

काकूंचे हात थांबले. पोळपाटावर पोळी अर्धवट लाटलेली होती. त्यांनी लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तवा सोडून उठले नाही आणि नजरही वळवली नाही. काकूंनी पोळीला चिमूटभर पीठ लावलं आणि ती पुढे लाटायला घेतली.