पाणी दबत नाही

हिरामण सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सुई नसलेली एक प्लास्टिकची सिरिंज असे. मी शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी नमस्कार करण्याआधी ती माझ्या हातात दिली. पुढच्या भोकावर स्वतःचा अंगठा घट्ट धरला आणि म्हणाले, "दाबा, ताई." दट्ट्या बराच आत गेला. मग त्यांनी ती माठातल्या पाण्याने भरली, टिचकी मारून बुडबुडा काढून टाकला आणि पुन्हा अंगठा लावला. "आता दाबा." मी दोन्ही हातांनी जोर केला, पण दट्ट्या जागचा हलला नाही. माझी बोटं दुखायला लागली तेव्हा ते समाधानाने हसले. "हवा दबस, पानी दबत नही. एवढं कळलं की तुम्ही आमच्या गावच्या झाल्या."

गाव शहादा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. खाली बॅरेज झाल्यापासून पाणी बारमाही अडलेलं असतं, आणि वरच्या वळणाशी खोल डोह झाला आहे. काही तरुण त्या डोहात सुतळी बॉम्ब टाकून मासे मारत. बॉम्ब पॉलिथिनमध्ये गुंडाळायचा, दगड बांधायचा, वात पेटवून पिशवीचं तोंड आवळायचं आणि फेकायचा. वर फक्त 'धप्' असा आवाज येतो, पाणी जरासं फुगतं आणि मासे उलटे होऊन तरंगू लागतात. आवाज कमी म्हणजे जोर कमी, पाण्याने बॉम्बचा दम काढला, असा गावाचा पक्का समज होता. विज्ञान शिकवणारे हिरामण सर नोकरीभर या एका समजाशी भांडले.

ते स्वतः शेतकरी घरातले. घरी ट्रॅक्टर असूनही त्यांनी हौसेने बैलजोडी ठेवली होती. वर्गात पुस्तकातली भाषा फळ्यावर लिहीत आणि समजावून मात्र अहिराणीत सांगत. माझ्याशी बोलताना दोन्हींची सरमिसळ होई. "माणूस म्हणजे कातड्याच्या पिशवीत बांधलेलं पाणी," ते म्हणत. "नदीतून आलेल्या धक्क्याला आपण परके वाटतच नाही, ताई. तो सरळ अंगात शिरतो. आत जिथे हवा सापडेल तिथे फोडाफोडी करतो. कान, फुप्फुस, आतडी. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणून तो आधी मरतो. आपल्यात तर पिशव्याच पिशव्या."

सणासुदीला फटाके आले की ते कांतीशेठच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसत आणि सुतळी बॉम्ब घेणाऱ्याच्या हातात सिरिंज देत. कांतीशेठ हात जोडून म्हणे, "सर, कधी दुसऱ्याच्या ओट्यावर बसा ना. मन्हंच दिवाळं काढतस तुमी." सर म्हणत, "बसू दे शेठ. तुन्हं गिऱ्हाईक जित्तं ऱ्हायनं तर पुढल्या साली येई."

मी रुजू झाले त्या वर्षी पोळ्याला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. "पोयाले नदीवर या ताई, बैलं कशी धुतात ते पाहा." मी गेले. घाटावर कमरेइतक्या पाण्यात माणसं बैलांच्या पाठी चोळत होती. सर धोतर खोचून आपल्या बैलांना धूत होते. शेजारी भटू त्याचे बैल धूत होता. भटू आणि त्याचा धाकटा भाऊ दिलीप दोघेही सरांचे जुने विद्यार्थी. आता भटू शेती बघायचा आणि दिलीप ट्रॅक्टर चालवायचा. दिलीप घाटावर नव्हता. गणपतीसाठी आणलेल्या फटाक्यांतले काही घेऊन तो दोस्तांबरोबर वरच्या वळणावर गेला होता.

पहिला धप् आवाज आम्ही घाटावरूनच ऐकला. एक बैल दचकून पाण्याबाहेर पळाला. सर त्या दिशेला बघत उभे राहिले, आणि मग सगळ्यांना ओरडून बैल बाहेर काढायला सांगून वळणाकडे चालू लागले. भटू चिडून त्यांच्या पुढे गेला. मीही काठाकाठाने मागे गेले.

डोहात मासे उलटे तरंगत होते. दिलीपने दुसरा गठ्ठा फेकला होता, तीन-चार बॉम्ब एकत्र बांधलेला, पण तो फुटला नव्हता. दोस्त काठावर वाट बघून कंटाळले होते. दिलीप पाण्यात उतरून मासे गोळा करायला निघाला होता, थेट डोहाच्या मधल्या अंगाला.

"दिल्या, मांगे फिर," सर ओरडले.

"इझी गया सर तो," दिलीप पोहता पोहता हसला. "पानीमा आग कशी ऱ्हाई?"

"बॉम्बनी दारूमा तिनी हवा तिन्हापाशीच ऱ्हास, ओली वात सावकाश जळस. किती डाव शिकाडं तुले. फिर मांगे."

दिलीप थबकला. त्याने खाली पाहिलं. मग पाण्यातून एक बारीक बुडबुड्यांची ओळ वर येताना त्यालाही दिसली असावी, कारण त्याचं हसू गेलं. तो काठापासून लांब होता आणि गठ्ठा त्याच्या आणि काठाच्या मध्ये कुठेतरी होता. परत यायचं तर त्याच्यावरूनच यावं लागणार होतं.

भटूने सदरा काढून पाण्यात पाय टाकला. सरांनी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. भटू त्यांच्या दुप्पट.

"सोडा माले. मन्हा भाऊ शे तो."

"तुन्हा भाऊ शे म्हनीसनच धरेल शे." मग त्याच दमात डोहाकडे, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज: "दिल्या, उताना पड. पोट वर कर, छाती वर कर. कान पानीबाहेर. पाय मारत मारत तिकडे लांब जाय. खाली पाय सोडू नको."

दिलीप उताणा झाला. त्याचं पोट, छाती, तोंड पाण्यावर दिसत होतं, आणि तो पाय मारत पलीकडे सरकत होता. भटू सरांच्या हातांवर बुक्क्या मारत होता. सरांनी पकड सोडली नाही. त्यांची नजर बुडबुड्यांवर होती आणि ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला कळलं नाही.

मग धप्. एवढंच. पाणी टोपलीएवढं फुगलं आणि बसलं.

दिलीप स्वतःच पोहत पलीकडच्या काठाला लागला आणि उभा राहिला. दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. नावेतून त्याला इकडे आणलं तेव्हा एका कानातून रक्ताची बारीक रेघ आली होती. "काय व्हयनं नही सर. नुसता कान वाजी ऱ्हायना."

सर म्हणाले, "गाडी काढा. नंदुरबारले."

सणाच्या दिवशी चालत्या-बोलत्या माणसाला दवाखान्यात नेणं कोणालाच पटेना. गाडीसाठी दिलीपला घरी आणलं तेव्हा त्याची आई ताट घेऊन अंगणात आली. "दोन घास खाई ले, मंग जाय." सरांनी तिच्या हातातलं ताट घेऊन ओट्यावर ठेवलं. "वहिनी, पानी बी देऊ नका त्याले." पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचं ताट परत फिरवलं म्हणून बायका कुजबुजल्या. कोणीतरी म्हणालं, सर आता डॉक्टर बी व्हयनात. सर गाडीचं दार उघडून उभे राहिले आणि दिलीप बसेपर्यंत हलले नाहीत.

वाटेतलं प्रकाशा गाव ओलांडेपर्यंत दिलीप थट्टा करत होता. पुढे तो गप्प झाला, आणि नंदुरबार दिसू लागलं तेव्हा पोट धरून वाकला होता. आतडं फाटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उपाशी आणलात आणि वेळेत आणलात, नाहीतर कठीण होतं.

दिलीप वाचला. एका कानाने त्याला कमी ऐकू येतं. पण भटूने त्या दिवसापासून सरांशी बोलणं टाकलं. त्याचं म्हणणं एकच होतं: मी गेलो असतो तर गठ्ठा फुटायच्या आत त्याला बाहेर काढला असता. सरांनी मला भाऊ मरताना बघायला लावलं. दिलीपने समजावलं, आईने समजावलं. भटू सरांना पाहून रस्ता बदलायचा.

मी एकदा वाचनालयात सरांना म्हटलं, "तुम्ही त्याला एकदा नीट समजावून का सांगत नाही?"

त्यांनी खिशातली सिरिंज काढून दट्ट्या मागेपुढे केला. "तो म्हणतो ते खोटं आहे असं मला छातीठोक सांगता येत नाही, ताई. वात किती उरली होती ते मला कुठे दिसत होतं? भटू जबरा पोहणारा. काढलाही असता." मग म्हणाले, "नाहीतर दोघं मेले असते. प्रयोगशाळेत शंका आली तर प्रयोग परत करतो आपण. हा परत करता येत नाही. त्याला रागावू द्या."

त्यानंतर दर पोळ्याला सर पहाटेच वळणावर जाऊन एका दगडावर बसत. खाली घाटावरचे बैल धुऊन होईपर्यंत उठत नसत. ते बसलेले असताना तिथे कोणी फटाका काढत नसे.

या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. घरातल्या कोणाला कळलंही नाही. अंत्ययात्रेला भटू आला, सगळ्यांच्या मागे चालला, नदीवर आंघोळ करून निघून गेला. सरांच्या पत्नीने ती सिरिंज मला दिली. ती टेबलाच्या खणात आहे. मी तिला अजून पाण्याने भरलेलं नाही.

पोळ्याला मी सकाळी नदीवर गेले. बैल घाटावर येऊन उभे होते, पण एकही पाण्यात नव्हता. माणसं कासरे धरून वर वळणाकडे बघत होती. मी काठाकाठाने तिकडे गेले. सरांच्या दगडावर भटू बसला होता. जवळ उभ्या असलेल्या तरुणांच्या पिशव्या त्याने उघडून जमिनीवर पालथ्या केल्या होत्या. त्यांत कपडे, साबण, शिंगांना लावायचा रंग होता. त्याने फटाका शोधत प्रत्येक वस्तू हाताने बाजूला करून पाहिली.

मला पाहून तो जरा सरकला. "बसा ताई."

मी बसले. तो डोहाकडे बराच वेळ बघत राहिला, बुडबुडे शोधल्यासारखा. मग उभा राहून त्याने घाटाकडे तोंड केलं आणि हात वर करून हाक दिली.

"उतरा."

खाली पहिला बैल पाण्यात शिरला. भटू परत दगडावर बसला.