नापास शून्य

केतकी पांढरीपांडे कामाला बसली की तिचा चहा गार झालाच म्हणून समजा. तो गरम करून देणारं घरात होतं तरी कोण? आई, शीलाबाई, अर्धांगवायूनं उजव्या अंगानं लुळी पडलेली. आईचं करायला विमलताई यायच्या, पण त्या नोव्हेंबरात त्यांचाही पत्ता नव्हता. २०१३ च्या पावसानं अर्धी बोंडं झाडावरच सडली होती, उरलेल्या कापसाला भाव धड नव्हता, पण म्हणून काय कापूस शेतात ठेवता येतो? "वेचणी सरली का येतो बाई," असं सांगून विमलताई गावाला गेल्या त्या गेल्या.

केतकीची कंपनी पुण्याची. दोन वर्षांपूर्वी आई पडली, तेव्हा तिला पुण्याला न्यायचं म्हणून केतकीनं हातापाया पडून पाहिलं. डॉक्टरांची ना नव्हती. आईची होती. "मरीन तर यवतमाळातच. पुण्यात मले कोण ओळखते?" एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी ती बाई हो म्हणायची नाही. शेवटी केतकीच्या वरचा चारुदत्त, भला माणूस, त्यानं साहेबांकडे शब्द टाकला आणि घरून काम करायची परवानगी मिळाली. तीही कायमची नाही. पुण्याच्या लोकांना यवतमाळ म्हणजे फक्त वाईट बातमीत येणारं गाव. तिथं कोणी नीट काम करत असेल यावर त्यांचा विश्वास बसता बसत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरची ही नवी आवृत्ती सुरळीत बाहेर पडली की परवानगी कायम करू, असं साहेब म्हणाले होते, आणि आवृत्ती उद्या सकाळी बाहेर पडायची होती.

कंपनीचं टूल दुसऱ्यांचे प्रोग्राम कुठं रेंगाळतात ते शोधून द्यायचं. प्रोसेसरच्या पोटात मोजणी करणारे काउंटर असतात. अमुक मोज, तमुक मोजू नको, अशी मागणी हे टूल त्यांच्याकडे करतं. मागणीच चुकली तर आकडे येतात, दिसायला झकास येतात, पण ते भलत्याच गोष्टीचे असतात. म्हणून केतकीनं चाचण्या लिहिल्या होत्या. त्या आपोआप चालायच्या आणि टूलची प्रत्येक मागणी पकडून, ती ठरल्याप्रमाणे आहे की नाही ते ताडून पाहायच्या. यंत्रात एखादा काउंटर नसेलच तर ती चाचणी सोडून द्यायची, नापास धरायची नाही, असा नियमही तिनंच घातला होता. नियमात खोट काहीच नव्हती.

पूर्वी ती हे सगळं घरच्या डेस्कटॉपवर चालवायची. पण यवतमाळात लाइन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा नेम नाही. चाचण्या अर्ध्यावर बंद पडायच्या आणि पुण्यात लोक हसायचे. तिनं तक्रार केली, तेव्हा चारुदत्तनं तिच्यासाठी दूरच्या शहरातलं एक यंत्र भाड्यानं घेऊन दिलं. तेव्हापासून सगळं हिरवंगार होतं. नापास शून्य.

त्या दुपारी आईला भरवून ती परत येऊन बसली, तर चाचण्या आटोपल्या होत्या. इतक्या लवकर? यापूर्वीही त्या लवकरच संपायच्या, पण तेव्हा तिनं नव्या यंत्राचं कौतुकच केलं होतं. तिनं सविस्तर अहवाल उघडला. सोडली, सोडली, सोडली. पानभर तेच.

भाड्याचं यंत्र खरं यंत्र नव्हतंच. एका मोठ्या संगणकाचे भाग पाडून दिलेला तो एक कप्पा होता, आणि त्या कप्प्यात काउंटर मिळतच नव्हते. म्हणजे नापास कोणी नाही, कारण वर्गच रिकामा! एवढी शिकलेली बाई, आणि इतके महिने हजेरी न बघता निकाल वाचत बसली होती.

तिनं डेस्कटॉप सुरू केला. लाइन जाऊ नये म्हणून कळंबच्या चिंतामणीला हात जोडले. लाइन राहिली. चाचण्या रखडत चालल्या आणि एक लाल झाली, म्हणजे नापास. प्रोग्रामपुरतंच मोज म्हटलं, तरी टूल सिस्टिमचंही मोजत होतं. गेल्या तीन आवृत्त्या अशाच गेल्या होत्या, आणि कोणाकोणाला त्यांनी खोटे आकडे दाखवले असतील ते देव जाणे.

झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याचा दिवस निघून गेला असता, परवानगी कायम झाली असती, आणि मग पुढच्या आवृत्तीत चूक गुपचूप दुरुस्त करता आली असती. हे तिच्या मनात आलं, चांगलं घोळलं. तरी तिनं फोन लावला.

चारुदत्तनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आवृत्ती थांबवतो."

"घरच्या मशीनवर चालवीन ना मी. मोठा इन्व्हर्टर घेते."

"केतकी, साहेब आता ऐकणार नाहीत. खरी यंत्रं इथं ऑफिसात आहेत. तुला यावं लागेल."

"आईचं काय करू?"

"सोमवारी बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती आईच्या खोलीत गेली. मधलं दार उघडंच होतं, आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं डाव्या हातानं केतकीची ओढणी धरली.

"येतो मी पुण्याले," आई म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते.

दोन वर्षं हेच ऐकायला केतकीचे कान आसुसले होते. आता तिला रडू फुटलं. आई राजीखुशीनं येत नव्हती. पोरगी आपल्याला इथं टाकून जाईल, या धाकानं येत होती.

"आई, असं काहून म्हणतेस? कोणी तुला सोडून नाही चाललं."

आईनं ओढणी सोडली नाही.

"मी काही त्रास नाही देणार वं तिथं," ती म्हणाली.