आक्काच्या हातातला निकाल

अनिताच्या अंगावर खाकी चढली, पण ती एसटीची. इंदापूर-बारामती गाडीवर ती वाहक होती. खांद्याला कातडी बॅग, हातात तिकिटाचं मशीन आणि गाडीत कितीही खच्चून गर्दी असो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. तो आवाज तिला एनसीसीच्या परेडने दिला होता.

बारावीत असताना परेडच्या पहिल्या रांगेत ती असायची. एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीचा, अर्ज भरायचा म्हणून एकदा ती एनसीसीच्या सरांकडे गेली, तेव्हा सरांनी जाहिरातीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. अर्ज फक्त मुलांनी करायचा होता. "तू मुलगा असतीस, तर मीच नेऊन सोडलं असतं तुला," सर म्हणाले. अनिता हसून परत आली. घरी तिने हे सांगितलंच नाही. मग बी. ए. झालं, एसटीची भरती झाली, इंदापूरला लग्न झालं. काही वर्षांनी नियम बदलला आणि मुलींना एनडीएचं दार उघडलं. तोवर अनिताचं वय उलटून गेलं होतं, आणि तिची धाकटी बहीण ओवी नेमकी त्या वयात येत होती.

ओवी हुशारच. लेखी परीक्षा काढली, भोपाळची पाच दिवसांची मुलाखत काढली, मेडिकलही झालं. आता शेवटची यादी तेवढी लागायची राहिली होती. मुलींच्या जागा मोजक्या, त्यामुळे मुलाखत पार पडली तरी काही खरं नव्हतं. कन्हेरीतल्या माहेरच्या घरात सगळे जीव मुठीत धरून बसले होते.

सुट्टीच्या दिवशी अनिता माहेरी गेली की तिला एकेक दिसायचं. आई ओवीसाठी बदाम भिजत घालायची, तिला भांड्याला हात लावू द्यायची नाही. हीच आई अनिता पहाटे पळायला निघाली की म्हणायची, "बास झालं, पाय राठ होत्याल." तात्या, म्हणजे वडील, अनिताची परेड बघायला एकदाही आले नव्हते. ते आता पारावर बसून लोकांना एसएसबीची मुलाखत म्हणजे काय ते समजावून सांगायचे. ओवीचे पळायचे बूट अनितानेच आणून दिले होते. देताना तिला खरंच आनंद झाला होता. पण ते घालून ओवी कॅनॉलच्या कडेने पळत निघाली, तेव्हा अनिताला बघवेना. ती आत जाऊन उगाच भाकरी थापायला बसली.

एके दिवशी गावची गोजरबाई गाडीत चढली. अर्धं तिकीट काढलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही आमची अनिता. हिची बहीण मिल्ट्रीत सायब व्हनार हाय! तात्याचं नाव काढलं पोरीनं."

"आणि ही पण खाकीतच हाय की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जण हसले.

वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं. पण अनिताच्या टाळक्यात सणक गेली. "अजून काय झाल्यालं न्हाय, मावशी," ती म्हणाली. "मुलींच्या जागा थोड्या असत्यात. तिच्यापेक्षा भारी पोरी हायत्या देशात. उगं गावभर करू नका."

गोजरबाईने ते नेमकं गावभरच केलं. दोन दिवसांत ओवी बारामतीच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर इमामभाई चहाला गेले होते.

"आक्का, तू असं म्हणालीस?"

"व्हय. म्हणाले."

"का?"

"खरं हाय म्हणून."

ओवी भांडेल, रडेल असं अनिताला वाटलं होतं. पण ओवी दाराच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मला पण तेच वाटतंय. घरात सगळी मला बरं वाटावं म्हणून बोलत्यात. तू एकटी खरं बोलतीस. माझं एक काम कर. यादी लागली की तूच बघ. मी मोबाइल बंद करून आईच्या कपाटात ठेवणार हाय, मला न्हाय बघवायचं. लागली की तात्यांच्या फोनवर फोन कर. काय बी असू दे, तू सांग."

अनिताने मान हलवली. तिला वाटलं, ही पोर आपल्याला ओळखतच नाही.

यादी दिवाळीच्या अलीकडे लागली. अनिता इंदापूरच्या स्टँडवर होती, गाडी सुटायला थोडा अवकाश होता. मोबाइलवर यादी उघडली आणि ती बोटाने नावं वर सरकवत गेली. नसावं नाव, असं अगदी स्पष्ट तिच्या मनात आलं. आणि ओवीचं नाव समोर आलं. वरच्या बाजूला होतं, शंकेला जागाच नव्हती.

तिने तात्यांचा नंबर काढला. अंगठा त्याच्यावर ठेवला. मग मोबाइल बॅगेत टाकला आणि डबल बेल दिली.

निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं. अनिता तिकिटं फाडल्यासारखी मशीनमधून ओढत होती. हे आपल्याला कळलंय, तिला नाही. आपण सांगत नाही तोवर ती ऑफिसर नाही. अजून ती नुसती ओवी आहे, अशी एक कडू गोडी तिला लागली होती. भवानीनगरला एकाला तिने चुकीचे सुटे पैसे दिले. इमामभाईंनी आरशातून बघितलं. "अनिता, बरं न्हाय का?"

"बरी हाय."

कन्हेरी फाट्यावर तात्या उभे होते. ते रोजच या गाडीच्या वेळेला यायचे. गाडी थांबली, दोन प्रवासी उतरले. तात्यांनी खालूनच तोंड वर करून विचारलं, "लागली का गं?"

"अजून न्हाय," अनिता म्हणाली.

गाडी हलली. मागच्या काचेतून तिला तात्या दिसले. फोन कानाशी न धरता नुसता हातात घेऊन उभे. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी तोंडावर खोटं बोलली होती, आणि त्याने तिला काही मिळालं नव्हतं. ती कडू गोडीसुद्धा गेली.

बारामतीला गाडी रिकामी झाल्यावर ती इमामभाईंना म्हणाली, "लिस्ट लागली. ओवीचं नाव हाय."

"अरे वा! घरी सांगितलं?"

तिने मान खाली घातली. परतीच्या फेरीला इमामभाईंनी कन्हेरी फाट्यावर गाडी उभी केली आणि बोनेट उघडून खाली उतरले. "इंजिन तापलंय," ते प्रवाशांना म्हणाले. "पाणी घालतो. जरा वेळ लागंल." मग तिच्याकडे वळून हळू म्हणाले, "जा पळ."

अनिता पळत गेली. घर जवळच होतं. ओवी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, पण समोरच्या ताटात एकही दाणा नव्हता. नुसत्या शेंगा इकडून तिकडे चालल्या होत्या.

"झालं तुझं," अनिता धापा टाकत म्हणाली. "नाव हाय. वर हाय."

आईने आतून येऊन ओवीला मिठी मारली, तात्या खाटेवर मटकन बसले आणि डोळे पुसायला लागले. ओवीने मात्र अनिताकडे बघत विचारलं, "कवा लागली?"

"मघाशी. इंदापुरातच बघितली."

"म्हणजे तात्या फाट्यावर होते तवा..."

"ठाऊक होतं मला."

आईला काही कळलं नाही. तात्यांना कळलं, आणि ते जमिनीकडे बघत राहिले.

"मी पण गेले होते अर्ज मागायला," अनिता म्हणाली. "बारावीला. मुलींना न्हाय म्हणाले. तुमाला कुणालाच सांगितलं न्हाय मी. आज तुझं नाव बघितलं आन् मला सांगवंना, ओवे. मला वाटलं, राहू दे जरा हिला पण माझ्यावानी दाराबाहेर." रस्त्याकडून गाडीचा हॉर्न आला. "जाते. गाडी खोळंबलीय."

ओवीने तिला थांबवलं नाही. त्या दिवाळीला ती बहिणीशी कामापुरतंच बोलली. जानेवारीत खडकवासल्याला सोडायला सगळे गेले, तेव्हा गेटपाशी तिने आईवडिलांना नमस्कार केला. अनितासमोर आल्यावर ती घुटमळली, वाकली आणि वळून आत गेली. तिची ताठ पाठ बघताना अनिताच्या मनात तोच जुना सल आला. तो जाईल असं तिला वाटलं होतं. गेला नव्हता.

पुढे एका रविवारी अनिता कपडे वाळत घालत होती, तेव्हा फोन आला. अनोळखी नंबर. "आक्का," ओवीचा आवाज बसलेला होता. "घरी सांगू नको, रडतील. आज खूप रगडलंय. गुडघे सोलल्यात. तूच आठवलीस."

अनिताच्या हातातली ओली चादर तशीच बादलीत पडली. काळजी वाटायच्या आधी तिला हेवा वाटला. त्या सोललेल्या गुडघ्यांचासुद्धा. तो तिने गिळला नाही, लपवलाही नाही.

"मला जळवतीस व्हय गं," ती म्हणाली.

पलीकडे ओवी थबकली, आणि मग कित्येक महिन्यांनी हसली.

"सांग," अनिता पायरीवर बसत म्हणाली. "पहाटे कवा उठवत्यात? पळायला किती? दोरावर चढायला येतंय का? पहिल्यापासून सांग, काय बी गाळू नको."