बिनलिफाफ्याचं टपाल

जुनी मंडळी चहाला बसली की आमच्या कॉम्प्युटर रूमचे किस्से निघतातच. एकाने एक सांगावा, तर दुसऱ्याच्या पोटात चार तयार! निम्मे माझ्यावरचेच असतात, आणि सांगणारे मला गरीब बिचारी करून टाकतात. ती मी कधीच नव्हते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

चंद्रपूरजवळचा सिमेंट कारखाना, ऐंशीच्या दशकाची अखेर. मी सातवी पास. लागले पाणी भरायला. मोठ्या मशीनच्या, म्हणजे कपाटाएवढ्या जुन्या कॉम्प्युटरच्या, टर्मिनलवरची बोटं बघून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, घरी घोटला आणि त्याच टर्मिनलवर खुर्ची मिळवली. मग एकमेकांना आणि फोनच्या तारेने नागपूरला जोडलेले चार पीसी आले, सोबत मेल आला; मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. झाली कुजबुज सुरू: "आता विमलबाईले गोदामात धाडतीन!"

बघू म्हटलं, कोण धाडते!

* * *

मोठ्या मशीनला धूळ चालत नसे, म्हणून चपला बाहेर. पीसी मात्र साध्या हॉलमध्ये, पंख्याखाली. तरी सवयीने सगळे अनवाणीच शिरत. नागपूरच्या हेड ऑफिसचे इंजिनीअर दारातच थबकले, "इथे देऊळ आहे का?"

"नाई जी," मी म्हटलं, "पन मेल उघडता आला तं प्रसाद भेटते!"

* * *

आमचे नरेशभाऊ मोठ्या मशीनचे जुने खेळाडू. तिथे ओळ संपली की एंटर मारायचं. नव्या मेलमध्ये एंटर मारलं की पत्र रवाना!

आमच्या साहेबांच्या पीसीवर त्यांचा पहिला मेल: "मी उद्या कामावर येणार नाही."

साहेब तरातरा आले. "नरेश, ही काय भाषा?"

तोवर दुसरा येऊन पडला होता: "असं समजू नका."

आणि तिसरा: "फक्त उशीर होईल."

"भाऊ," मी म्हटलं, "श्वास घेता तिथी एंटर काऊन मारून राह्यले?"

* * *

आवक-जावक रजिस्टर बघणारे मेश्राम बाबू मेलची प्रिंट हातात घेईनात. "लिफाफा कुठी हाय? बिनलिफाफ्याचं टपाल मी चढवत नाई!"

मी प्रिंट लिफाफ्यात घातली, डिंक लावला, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लिफाफा फाडला, आतला कागद काढला, शिक्का मारला.

"असं पाह्यजे!"

* * *

एके दिवशी साहेबांनी हाक मारली. "विमलबाई, नागपूरचा मेल आलाय. उघडून द्या बरं."

मी माझ्या पीसीवर उघडला. मोठ्याने वाचला. मॅट्रिक नसलेल्या कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटरवरून तात्काळ हटवावे. नाव एकच होतं, माझं. खाली ओळ: अंमलबजावणी मेलनेच कळवावी.

नरेशभाऊंनी मान खाली घातली.

साहेब हळूच म्हणाले, "मेल मिळालाच नाही, असं कळवता येईल?"

"येते ना. पन मेलनंच कळवा लागन!"

"नरेश, मग उत्तर तू पाठवतोस?"

"मी धाडला तं तीन तुकड्यांत जाईन, साहेब."

साहेबांनी स्वतः कीबोर्ड ओढला, एक बोट हवेत धरलं, ए शोधला, सापडला नाही. कीबोर्ड परत माझ्याकडे सरकवला.

"लिहा," ते म्हणाले. "आदेशाप्रमाणे विमलबाईंना कॉम्प्युटरवरून हटवण्यात आले आहे."

लिहिलं. एक चूक नाही. एंटर मारलं.

आमच्या मेलमध्ये पीसी ज्याच्या नावावर, त्याचंच नाव पाठवणाऱ्याच्या जागी मशीन आपोआप टाकत असे. उत्तर नागपूरला पोचलं. प्रेषक: विमलबाई!