आधी खिसा, मग इस्त्री

घडीकाकांचं खरं नाव लग्नाच्या दिवशी एकदा पुकारलं गेलं असेल तेवढंच. त्यानंतर कुणाला त्याची गरज पडली नाही. गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला लागून एक पत्र्याची टपरी, टपरीत कमरेएवढं टेबल, टेबलावर चौपदरी घोंगडी आणि तिच्यावर जळक्या डागांचं पांढरं फडकं. तिथे हा माणूस चाळीस वर्षं उभा होता. "आमच्या धंद्यात खुर्ची फक्त गिऱ्हाइकाला," असं ते म्हणायचे. शर्टाची घडी अशी घालायचे, की ती मोडताना माणसाला पाप केल्यासारखं वाटावं.

कपडा हातात आला की त्यांचा हात आधी खिशात जायचा. आधी खिसा, मग इस्त्री. खिशातून काय काय निघायचं याला गणती नाही. किल्ल्या, कानातलं, अर्धं बिस्किट, लेकाने बापापासून लपवलेलं प्रगतिपुस्तक. एकदा तर अख्खी कवळी निघाली. काका ती फडक्यात गुंडाळून घाईघाईने पोचवायला गेले, तर ते गृहस्थ पाहुण्यांसमोर तोंडावर हात धरून बसलेले आणि बायको कौतुकाने सांगतेय, "आज सकाळपासून हे फार विचारात आहेत." काकांनी कवळी गुपचूप त्यांच्या हातात सरकवली आणि मागच्या पावली परत आले. ज्या घरातलं, त्या घरात. दुसऱ्या कानाला खबर नाही.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात, बायको मागेच गेलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या शहरात. कान जवळजवळ गेलेले. समोरच्याच्या ओठांवरून निम्मं ओळखायचे, उरलेलं अंदाजाने, आणि अंदाज चुकला तर दोष बोलणाऱ्याच्या उच्चारांना द्यायचे.

काका चौथीतून शाळा सोडून कामाला लागलेले. टपरी टाकली त्या पहिल्या महिन्यात मास्तरांच्या गठ्ठ्याला त्यांनी 'दुसरा मजला' अशी चिठ्ठी टाचली, आणि दोन शब्दांत तीन चुका केल्या. मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या शर्टाच्या खिशात मात्र पेन्सिलने लिहिलेला कागद निघाला: "हे दोन शब्द दहा वेळा लिही. अक्षर मोठं काढ." काकांनी निमूट लिहिले आणि कागद त्याच खिशात घालून परत पाठवला. झालं, तिथून खिशाचं टपाल सुरू झालं. शुद्धलेखन संपलं, मग कोडी आली. "पाय नाहीत तरी चालतं, तोंड नाही तरी सांगतं, ते काय?" काकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि उत्तर धाडलं, "अफवा." मास्तरांनी परत लिहिलं, "मला घड्याळ हवं होतं. पण तुझं उत्तर माझ्यापेक्षा बरं. दहापैकी अकरा."

ती चिठ्ठी काकांनी टपरीच्या पत्र्याला आतून चिकटवून ठेवली होती. काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांवर पाणी शिंपडायच्या. त्या म्हणायच्या, "लग्नात मला एवढं जपलं नाहीत."

तर अशात त्या विषाणूच्या नव्या व्हेरियंटची बातमी आली. आधीची साथ लोकांच्या अंगावरून नुकती कुठे उतरत होती. हा आधीच्यापेक्षा झपाट्याने पसरतो म्हणे. म्हाताऱ्यांना जड जातो म्हणे. पलीकडच्या वस्तीत घरटी एक आजारी आहे म्हणे. 'म्हणे' या शब्दाला गल्लीत इतकं काम कधी लागलं नव्हतं. पुन्हा तोंडावर मास्क चढले, पुन्हा दारं बंद झाली, आणि जो तो शेजाऱ्याची शिंक मोजू लागला.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, हा कपड्यांतून येतो. टपरीवर चिटपाखरू फिरकेना. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर निरोप फिरला, की हा कडक इस्त्रीने मरतो. मग काय विचारता. तासभर बाहेर घालून आलेला शर्ट न धुता थेट टपरीवर. मोजे, हातरुमाल, पायपुसणी. एका आजीबाईंनी वर्तमानपत्र पाठवलं, वाचण्याआधी शेकून द्या म्हणून.

"आजी, बातम्या आधीच गरम आहेत," काका म्हणाले. पण दिलं शेकून.

शेजारचा औषधवाला काउंटरवरून म्हणाला, "काका, माझ्यापेक्षा तुमच्याकडे रांग मोठी. पाटी लावा आता, डॉक्टर घडीकाका."

"लावतो की. तुझ्या गोळीला पाणी लागतं, माझ्या इस्त्रीलाही पाणी लागतं. फरक कुठे आहे?"

हसणं तेवढंच. त्याच संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले आणि चार हात लांब उभे राहिले. "हे बघा काका, यापुढे खिशात हात घालायचा नाही. तुमच्या हातानेच या खिशातलं त्या खिशात जायचं. आधी कडक इस्त्री, मग बाकीचं."

"साहेब, खिसा न बघता इस्त्री म्हणजे डोळे मिटून दाढी."

"नियम सगळ्यांना सारखा. नसेल जमत तर आमच्या इमारतीचे कपडे बंद."

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षांची सवय फोनमधल्या निरोपापायी सोडणार?"

"सोडत नाही गं. जरा बाजूला ठेवतो."

खरं सांगायचं तर काकांना सेक्रेटरींचं भय नव्हतं. भय होतं ते मास्तरांचं. आपल्या हातून काही त्या म्हाताऱ्या जिवाला लागलं तर? मास्तर दार उघडत नव्हते. पिशवी कडीला अडकवायची आणि कडीवरून काढायची. फोनवर त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि मास्कमुळे लोकांचे ओठ झाकले गेल्यापासून समोरासमोरचंही कळेना. उरलं ते खिशाचं टपाल. मास्तरांच्या शर्टावर काका इस्त्री जास्तच तापवून फिरवायचे, चिठ्ठीसकट. पेन्सिलीचं अक्षर शेकून कुठे जातंय?

एका सकाळी मास्तरांचा पांढरा शर्ट आला. काकांनी कडक इस्त्री फिरवली, मग खिशात दोन बोटं घातली. आत दोन कागद होते. एक नेहमीची चिठ्ठी. दुसरी छापील पट्टी, दुकानात बिल देतात तसल्या गुळगुळीत कागदाची, आणि ती पार कोळशासारखी काळी पडलेली. तसल्या कागदाला गरम इस्त्री लागली की तो काळाठिक्कर होतो, वरचं एक अक्षर उरत नाही. कालचं पोरसुद्धा धंद्यात आलं की हे आधी शिकतं.

काकांनी चिठ्ठी वाचली. "हे वाचून सांग. छापील फार बारीक आहे आणि माझा चष्मा हरवलाय. कुणाला बोलू नकोस."

"काय हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. बिल असेल कसलंतरी."

पट्टी उजेडात धरली, तिरकी करून पाहिली, नखाने खरवडली. काळ्यावर काळं. काकांनी पेन्सिल घेतली आणि लिहायला सुरुवात केली, "मास्तर, मी खिसा न बघता". इथे हात थांबला. चाळीस वर्षांत कुणाच्या खिशातला कागद त्यांच्या हातून जळला नव्हता. आणि जळावा तो मास्तरांचा? माणूस पासष्ट वर्षांचा झाला तरी मास्तरांपुढे चौथीतलाच असतो. असल्या कागदावर बिलाशिवाय दुसरं काय असणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं, तो कागद फाडला आणि नव्या कागदावर मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, "काळजीचं काही नाही. निश्चिंत राहा."

काळी पट्टी कचऱ्यात गेली. पिशवी कडीला गेली.

दोन दिवसांनी दुसरा शर्ट आला. खिशात चिठ्ठी, "सुटलो. अक्षर सुधारलंय. दहापैकी दहा."

सुटलो? एका बिलापायी? काकांच्या मनात काहीतरी टोचलं, पायात काटा मोडून आत राहावा तसं. पण टेबलावर बारा पिशव्या पडल्या होत्या आणि रांगेतला प्रत्येक जण घाईत होता.

त्यानंतर पिशवी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी काका दुसऱ्या मजल्यावर गेले, दार ठोठावलं, मग आठवलं की बहिऱ्याचं दार ठोठावून उपयोग नाही. सेक्रेटरींना गाठलं, त्यांच्याकडच्या जादा किल्लीने दार उघडलं. मास्तर खुर्चीत बसले होते. अंगात शर्ट नीट, गुंड्या लावलेल्या, आणि छाती भात्यासारखी वरखाली. काकांना पाहून म्हणाले, "अरे, तुझ्या तोंडावर ते फडकं आहे, मला काही कळत नाही."

काकांनी मास्क खाली ओढला. "मास्तर, मी आलोय."

मास्तरांनी हाताने खूण केली. आधी तोंड झाक.

रुग्णवाहिका आली. जिन्यावरून खुर्चीसकट उतरवून बाहेर नेताना मास्तरांनी एकदा मागे वळून टपरीकडे पाहिलं, की काकांना तसं वाटलं, कोण जाणे. तीन दिवसांनी औषधवाल्याने दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि टपरीपाशी येऊन हळूच सांगितलं, "काका, मास्तर गेले." काकांच्या हातात कुणाचीतरी पँट होती. ती जळली. वास आला तेव्हा काकूंनी येऊन इस्त्री उचलली.

लेकीला यायला दोन आठवडे लागले. तीही तिकडे आजारी होती. ती आली तेव्हा दुपार होती, टपरीवर कुणी नव्हतं. काकांनी खुर्ची पुसून पुढे केली. पोर बसली नाही.

"काका, एक विचारायचं होतं. बाबांनी तपासणी करून घेतली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कसली तपासणी, ताई?"

"दवाखान्यात जाऊन आले ते. रांगेत मास्कने चष्म्यावर वाफ धरते म्हणून चष्मा काढला, तो तिथेच राहिला. मला दवाखान्याने परत दिला. तिथली बाई म्हणाली, निकालाची पट्टी त्यांच्या हातात दिली होती, आजार निघालाय आणि आजच्या आज चार नंबरच्या खोलीत जाऊन गोळ्या घ्या, असं छापलं होतं. तोंडीही सांगितलं म्हणे. पण मास्कमधून बाबांना काय ऐकू जाणार? मान डोलावली असेल नेहमीसारखी." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण पट्टी होती ना हातात. इतका काटेकोर माणूस, एक दिवस गोळी चुकवायचा नाही. मग गेले का नाहीत?"

काकूंनी शिंपडायचं भांडं खाली ठेवलं.

लेकीने पर्समधून एक कागद काढला. "उशीखाली हे सापडलं. 'काळजीचं काही नाही. निश्चिंत राहा.' हे कुणी लिहिलं असेल, तुम्हाला अंदाज आहे? अक्षर लहान मुलासारखं आहे."

काकांना खोटं बोलणं तेव्हा फार सोपं होतं. त्या अक्षराची ओळख पटवणारा टपरीबाहेर एकच माणूस होता, आणि तो गेला होता. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली वळवली.

"माझं आहे ते," काका म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. खिसा, इस्त्री, काळी पट्टी, फाडलेला पहिला कागद. एकदाही "पण" म्हणाले नाहीत. सेक्रेटरींच्या नियमाचं नावसुद्धा घेतलं नाही.

लेक बराच वेळ पत्र्याला चिकटवलेल्या त्या जुन्या चिठ्ठीकडे बघत उभी राहिली. दहापैकी अकरा. बापाचं अक्षर तिने ओळखलं असणार.

"नुसतं जळलं म्हणून लिहिलं असतंत," ती शेवटी म्हणाली, "तर बाबा परत जाऊन विचारून आले असते."

"हो."

"रागावले नसते ते."

"माहीत आहे, ताई. म्हणून तर लाज वाटली."

तिने माफ केलं, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ती निघाली, औषधाच्या दुकानापर्यंत गेली, आणि परत फिरली. हातातल्या पिशवीतून तिने मास्तरांचा एक पांढरा शर्ट काढून टेबलावर ठेवला. दवाखान्यात नेताना अंगात होता तो. धुतलेला, चुरगळलेला.

"याला इस्त्री करून द्या. मला न्यायचाय."

काकांनी इस्त्री लावली. ती तापेपर्यंत शर्ट पसरला, कॉलर सरळ केली. मग खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. काकांनी हात बाहेर काढला, थोडं थांबले, आणि पुन्हा एकदा घालून पार शिवणीच्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं.

"काही नाही त्यात," लेक म्हणाली. "मी बघितलंय."

"हो," काका म्हणाले, आणि त्यांचा हात तसाच खिशात राहिला. इस्त्री कधीच तापली होती. काकूंनी शर्टावर पाणी शिंपडलं, मग हलकेच त्यांचं मनगट धरून हात बाहेर काढला, आणि इस्त्री त्यांच्या हातात दिली.