दोघं आत, एक बाहेर

पाखरांचे फोटो काढणं मी नवंच शिकत होतो. लपायसाठी तळ्याकाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची खोपडी केलती. पाखरांले मोजता येत नाई. दोघं आत गेले आन एक निघून आला, की त्यांले खोपडी रिकामी वाटते. निघून यायचं काम नेहमी बायकोचंच.

त्या दुपारी ती म्हणाली, "आज मले पाहू द्या जी. तुमीच जा बाहेर."

"फोटो तू काढशीन काय?" मी खेकसलो.

"डोळ्यानं पाहाले रोल नाई लागत," म्हणाली आन उन्हात एकटीच घरी गेली.

संध्याकाळी छातीत कळ येऊन ती मेली.

मंग रोल धुतला तवा त्या दुपारचा खंड्या पाखराचा फोटो साफ आला. आग लागो त्या फोटोले. तिले एक दिवस बसू दिलं असतं तर माझं काय जात होतं?

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपडी मोडली आन सगळ्या पऱ्हाट्या तिच्या सरणाले नेल्या.